ठिपक्यांची रेघ

बाबारावांनी कोट चढवला तेव्हा सकाळचे सात वाजले होते, आणि पिपरटोल्याची बस साडेआठची. कारखान्यातून ओव्हरसियर म्हणून रिटायर झाल्यावर तो काळा कोट त्यांनी श्रीरंगच्या लग्नात काय तो एकदा घातला होता. बहात्तराव्या वर्षी माणूस आतून थोडा आटतो. कोट खांद्यांवरून ओघळत होता, पण बटणं मात्र गळ्यापर्यंत सगळी लावलेली.

“अण्णा, पोहे तरी खाऊन घ्या,” सुहासिनी म्हणाली. ती थोरली सून, आणि बाबारावांवर आवाज चढवायचा हक्क या घरात तिचा एकटीचा होता.

“पंचवीस वर्षं झाली बाई त्या चर्चला. माझ्या हातचं लेकरू आहे ते. लेकराच्या कार्याला कोणी उशिरा जातं काय?”

“मी तर म्हणतो, जाऊच नका,” दारातून श्रीरंग म्हणाला. धाकट्याची रेल्वेत नोकरी, जबलपुरातल्याच गोरखपूर भागात बिऱ्हाड, आणि काळजी साऱ्या खानदानाची. आज तो भल्या सकाळी रांझीला आला होता तो एवढं सांगायलाच. “अण्णा, किती दिवसांचा सांगून राहिलो. त्या जागेचं नाव पोलिसांच्या कागदात गेलं आहे. आपण सरकारी नोकरीतले लोक. भैयाच्या बढतीचं आता ठरून राहिलं. काहून विस्तवात हात घालायचा? भैया, तू तरी बोल ना.”

भैया म्हणजे रत्नाकर, थोरला. बाबारावांच्याच त्या लष्करी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन, आणि ऑफिसात त्याच्या अक्षराची वाखाणणी होई. तो बशीतल्या चहाकडे पाहत म्हणाला, “श्रीरंग बरोबर बोलून राहिला, अण्णा. तुमची तब्येतही...”

“माझ्या तब्येतीला काय धाड भरली?” बाबाराव उसळले. “तीस वर्षं काढली फादर हुबर्टनं त्या गावात. कोणाला ताप आला तर पाठीवर घेऊन दवाखान्यात न्यायचा तो माणूस. तो दुश्मनाच्या विमानांना दिवे दाखवीन? ज्या कोण्या हरामखोरानं तो कागद लिहिला ना, त्याला...” खोकल्याची उबळ आली आणि पुढचं राहून गेलं.

रत्नाकरनं चहा न पिताच बशी खाली ठेवली. तो हरामखोर तोच होता.

सप्टेंबरात पाकिस्तानशी लढाई लागली, जबलपूरभर काळोख करायचा हुकूम निघाला, आणि कारखान्याच्या पाण्याच्या टाकीवर पहारा बसला. रत्नाकरला एक शिट्टी, दंडावर बांधायची पट्टी आणि जुनी दुर्बीण मिळाली. दंडावर पट्टी आली की साध्या माणसालाही आपण सेनापती असल्यासारखं वाटतं. तिसऱ्या दिवशी अंधारून येताना त्याला पूर्वेला एक तांबडा ठिपका दिसला. दिसे, जाई, पुन्हा दिसे. तो पिपरटोल्याच्या चर्चमधला आहे हे त्याला तिथल्या तिथे कळलं. सायकलवर टांग टाकली असती तर वीस मिनिटांत पोचला असता. ‘फादर, खिडकीवर पोतं टाका’ एवढं सांगून, त्यांच्या हातचा चहा पिऊन परतही आला असता. ते त्यानं केलं नाही. कारखान्यात नवे मोठे साहेब आले होते, मुख्य ड्राफ्ट्समनची जागा रिकामी होणार होती, आणि चहाच्या सुट्टीत जो तो गोऱ्या पाद्र्यांबद्दल कुजबुजत होता. रत्नाकरनं घरच्या टेबलाशी बसून मोठ्या साहेबांच्या नावे सुबक अक्षरात एक कागद लिहिला. ‘परदेशी पाद्री’ आणि ‘इशारा’ हे दोन शब्द त्यात नेमके घातले. खाली टाकीपासून खिडकीपर्यंत ठिपक्यांची रेघ ओढून छोटा नकाशा काढला, आणि नाव घातलं नाही. शाबासकीची वेळ आली तर पुढे होऊ, बोंब झाली तर आपण नामानिराळे.

त्यानंतर चौथ्या दिवशी फादर हुबर्टना जीपमध्ये बसवून नेलं. चौकशीत काही निघालं नाही, तरी सत्तरीतल्या त्या माणसाला या भागात पुन्हा राहू दिलं नाही. नागपूरला धाडून दिलं. चर्चची गोल खिडकी विटांनी बुजवली. शाबासकीही आली नाही.

“हे डबडं आता काढू काय हो?” सुहासिनीनं देवघरातून विचारलं. “लढाई तर कधीची संपली.”

देवघरात घरचा नंदादीप होता. बाबारावांच्या आईच्या काळापासून तो विझला नाही, असं निदान घरात सांगत. ब्लॅकआउटच्या पहिल्याच दिवशी रत्नाकरनं डालड्याचा डबा कापून त्याच्यावर बेतशीर झाकण केलं होतं. मागून हवेला भोकं, पुढून उजेड बिलकुल नाही. शेजारच्या दोन घरांनी ते पाहून आपल्याकडेही तसंच करून घेतलं. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, ही म्हण इतक्या मन लावून कोणी पाळली नसेल.

“राहू दे,” रत्नाकर म्हणाला.

“आता काहून राहू दे?”

सुदैवानं बाबारावांनी तेवढ्यात पत्र्याची नळी उघडली आणि आतून ट्रेसिंगच्या कापडाची गुंडाळी काढली. “धर रे हे टोक. पाहा, पंचवीस वर्षांत शाई हललीही नाही.”

पिपरटोल्याच्या चर्चचा नकाशा होता तो. इमारत मधोमध कापून दाखवावी तसा उभा छेद. कोपऱ्यातल्या चौकटीत ‘आरेखन : बाबाराव’ आणि त्याखाली, ‘ट्रेसिंग : रत्नाकर’. “चौदा वर्षांचा होतास,” बाबाराव श्रीरंगला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले. “नव्या फादरनं फ्रेम करून ठेवली आहे. आज भिंतीवर लावणार. तुझं नाव राहीन तिथं जन्मभर.”

रत्नाकर नाव पाहत नव्हता. गावच्या पारावर एक माणूस उभा काढला होता, बोटाएवढा. त्याच्या डोळ्यापासून निघालेली ठिपक्यांची रेघ चर्चच्या दारावरच्या गोल खिडकीतून आत शिरून, आढ्याला टांगलेल्या दिव्याला जाऊन भिडत होती. ही रेघ त्याच्याच हातची होती. ट्रेसरनं रेघ गिरवायची, विचारायची नाही, हे त्याला बाबारावांनीच शिकवलं होतं. त्यानं ती गिरवली आणि विसरून गेला. सप्टेंबरात त्याच्या हातानं तीच रेघ पुन्हा ओढली होती, फक्त दुसऱ्या टोकाला माणसाऐवजी टाकी होती.

“अण्णा, ही रेघ कशाची?”

“तिथं सांगणार आहे ना. चलो, बस जाईल.”

सुहासिनी तयारच होती. श्रीरंगनं हात झटकले, पण निघाला तोही. म्हाताऱ्याला एकटं कसं सोडायचं?

पिपरटोला बसथांब्यापासून अर्धा मैल आत. चढ संपला की आधी पिंपळाचा पार येतो, आणि पारावरून समोरच्या टेकाडावर चर्च. कोणी मोठं मनोरे-बिनोरे असलेलं चर्च मनात धरून आला तर निराश व्हावा. दोन्ही बाजूंना उतरती मंगळुरी कौलं, पुढे परछी म्हणतात ती लांबलचक ओसरी, काळ्या दगडाच्या दोन-दोन फूट जाडीच्या भिंती. घंटेला मनोरा नाहीच. अंगणात रेल्वेचे दोन जुने रूळ उभे गाडून त्यांच्यामध्ये ती टांगलेली. वर क्रूस नसता तर एखाद्या खात्यापित्या पाटलाचं घर वाटलं असतं. आज अंगणात कागदी पताका होत्या, दाराला झेंडूची तोरणं होती. आणि दारावर, जिथे गोल खिडकी होती, तिथे भगदाड बुजवल्यासारखं लाल विटांचं ठिगळ होतं. त्याला कोणी गिलावासुद्धा केलेला नव्हता.

बाबाराव त्या ठिगळाकडे बघत उभेच राहिले. रत्नाकरनं मान वर केली नाही.

परछीच्या टोकाला एक माणूस एकटाच बसला होता. बाकी सगळी परछी बायकामुलांनी भरलेली, याच्या दोन्ही बाजूंना मात्र चार-चार हात जागा मोकळी. बाबारावांनी त्याला लांबूनच ओळखलं. “अरे, मार्टिन मास्टर! यहाँ कोने में काहे बैठे हो? दिया कौन देखता है अंदर?”

मार्टिन मास्टर गावच्या शाळेत शिकवायचा आणि चर्चच्या दिव्यात तेल घालायचा. चर्च उभं राहिलं तेव्हा पंचविशीचा असेल. डोक्यावर दगड वाहिले होते त्यानं. आता तो उठून उभा राहिला, पण पुढे आला नाही. “दिया अब सुकलू का लड़का देखता है, ओवरसियर साहब। हमको मना है।”

“किसने मना किया?”

उत्तर गावच्या पटेलनं, सुकलूनं, दिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं दिलं. “इसी ने तो चिट्ठी लिखी थी साहब। पूरे टोले में लिखना कौन जानता है? एक फादर, एक ये। बच्चों को नक्शा बनाना भी यही सिखाता है। तीन महीने से हम इसके हाथ का पानी नहीं पीते। बच्चे भी नहीं भेजते इसके पास।”

“हमने नहीं लिखा,” मास्टर म्हणाला. हे वाक्य त्यानं इतक्यांदा म्हटलं असावं की त्यात आता जोरही उरला नव्हता.

रत्नाकरला हे ठाऊक नव्हतं. फादर गेले, खिडकी गेली, एवढंच त्याच्या खाती होतं आणि तेवढ्यावरच त्याची झोप उडालेली होती. आपल्या नाव न घातलेल्या कागदावर गावानं आपलं आपण नाव घालून टाकलं असेल, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. चार पावलं टाकून ‘मी लिहिलं’ म्हणणं एवढंच काम होतं. पावलं हलली नाहीत. त्याला स्वतःची इतकी किळस कधी वाटली नव्हती.

“चला आत,” श्रीरंग त्याच्या कानाशी म्हणाला. “या भानगडीत आपण काहून पडायचं?”

प्रार्थना झाली. मग नव्या फादरनी बाबारावांना पुढे बोलावलं. बाबाराव व्यासपीठावर गेलेच नाहीत. भिंतीला हात टेकून उभे राहिले आणि आपल्या अर्ध्या मराठी हिंदीत सुरू झाले.

“ये दीवार देखो। सन चालीस में सिमेंट का एक कण नहीं मिलता था। सब लड़ाई में जाता था, हमारे कारखाने में जाता था। तो फादर हुबर्ट बोले, ओवरसियर साहब, चर्च कैसे बनेगा? मैं बोला, हमारे पुराने लोग सिमेंट से बनाते थे क्या?”

मग त्यांनी सगळं सांगितलं. अंगणात चुना दळायची घाणी घातली, ती बैलजोडीनं फिरवली. चुन्यात सुरखी म्हणजे विटांची पूड, गूळ, बेलफळाचा गर आणि भिजवलेल्या उडदाचं पाणी. उडीद घरोघरच्या बायकांनी मूठ-मूठ आणून दिले. “इस दीवार में तुम्हारी दादियों का उड़द है,” ते म्हणाले, तशी म्हाताऱ्या बायका हसल्या. आत एकही खांब घेतला नाही, कारण खांबामागे बसणाऱ्याला वाटतं आपण मागेच बसायच्या लायकीचे. परछी घेतली, कारण तान्ही पोरं रडायला लागली की बायकांना उठून घरी जावं लागू नये. रत्नाकर ऐकत होता. बाप असा बोलू शकतो हे तो विसरला होता.

“और एक बात।” बाबारावांनी आढ्याकडे बोट केलं. लांब साखळीला टांगलेला, तांबड्या काचेतला दिवा वेदीसमोर जळत होता. “मैंने फादर से पूछा, ये कभी बुझता नहीं? बोले, नहीं, ये प्रभु के सामने चौबीस घंटे जलता है। मैं बोला, अरे, ऐसा दिया तो हमारे घर में भी है! मेरी माँ का। पर दीवार के अंदर रखके क्या फायदा? जो खेत से थक के आएगी, जो बूढ़ा चढ़ाव नहीं चढ़ सकेगा, उसको पार पर खड़े-खड़े दिखना चाहिए। तो गोल खिड़की मैंने निकाली। फादर के नक्शे में नहीं थी वो। खिड़की में पत्थर का क्रूस, और हवा से दिया हिले तो क्रूस के पीछे जाए, फिर निकले। बच्चे कहते थे, दिया आँख मारता है।”

दिसे, जाई, पुन्हा दिसे. रत्नाकरनं समोरच्या बाकाची कड घट्ट धरली. सुहासिनीनं एकदा त्याच्याकडे पाहिलं.

“आज वो खिड़की खुलेगी,” नवे फादर म्हणाले. “इजाज़त आ गई है। पहली ईंट बाबूराव जी निकालेंगे—”

“बाबाराव,” म्हातारा म्हणाला. “और ईंट मास्टर निकालेगा। दिया उसका है।”

चर्चमध्ये गलका उठला. सुकलू पटेल उभा राहिला. “जिसने बंद करवाई, वही खोलेगा?”

“सबूत है क्या तुम्हारे पास?” बाबारावांनी विचारलं.

नवे फादर अवघडले. “मैं नागपुर में फादर हुबर्ट से मिला था। उनको वो कागज़ दिखाया गया था। नाम नहीं था। हिंदी में लिखा था, और नीचे छोटा-सा नक्शा था। टंकी से खिड़की तक बिंदु-बिंदु की लकीर। फादर इतना ही बोले कि जिसने बनाया, उसका हाथ बहुत साफ है।”

बाबारावांच्या हातात ट्रेसिंगची गुंडाळी होती. त्यांनी ती उलगडली नाही. फक्त एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि मग मान उचलून सरळ रत्नाकरकडे. बापाच्या त्या तोंडाकडे पाहणं रत्नाकरला सोसवेना. राग असता तर चाललं असतं. म्हातारा घाबरलेला होता. आपल्याला कळलं ते खोटं ठरावं, एवढीच त्याची मागणी होती, आणि तेवढं देणंही पोराच्या हातात नव्हतं.

रत्नाकर उठला. श्रीरंगनं त्याची बाही धरली. “भैया, बस खाली. नोकरी जाईल.”

बाही सोडवून घेऊन तो म्हणाला, “मास्टर ने नहीं लिखा। मैंने लिखा। नक्शा भी मेरा है।” आवाज इतका बारीक निघाला की मागच्यांनी ‘क्या बोला, क्या बोला’ म्हणून विचारलं, आणि त्याला ते पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा म्हणणं पहिल्यापेक्षा कठीण गेलं.

कोणी अंगावर धावून आलं नाही. “ओवरसियर साहब का लड़का?” एक बाई हळूच म्हणाली, आणि शेजारणीनं तिला गप्प केलं. ते गप्प करणं त्याला जास्त लागलं. मार्टिन मास्टर दारात उभा होता. तो दोन पावलं आत आला.

“आप तो यहाँ रोटी खाते थे, भैया,” तो म्हणाला. “घानी के पास बैठ के। हमारे साथ।” एवढंच. मग तो शिडी आणायला गेला.

विटा निघायला तासभर लागला. मास्टर वर चढून एकेक वीट सोडवत होता, रत्नाकर शिडीखाली उभा राहून झेलत होता. एरवी अशा कामाला दहा माणसांची रांग लागते. आज त्याच्या हातातली वीट घ्यायला कोणी पुढे आलं नाही, तेव्हा प्रत्येक वीट त्यानं स्वतः अंगणाच्या कडेला नेऊन रचली. श्रीरंग कोट काढून पुढे यायला निघाला, तर सुहासिनीनं त्याला अडवलं. “राहू द्या भाऊजी. त्यांचं त्यांना उचलू द्या.” सकाळपासून नको-नको म्हणणारा श्रीरंग आता भावासाठी कळवळत होता, आणि जी बाई कधी नवऱ्याच्या ताटात थंड पोळी वाढत नसे, ती डोळे कोरडे ठेवून उभी होती.

शेवटची वीट निघाली तेव्हा बाबाराव काठी टेकत पारापर्यंत गेले. इमारतीची रेघ तपासायची तर एकानं लांब उभं राहायचं आणि दुसऱ्याला हाक मारायची. चाळीस साली ते असेच तिथून ‘रत्नू, थोडं डावीकडे!’ म्हणून ओरडत. आज त्यांनी भरदुपारी डोळ्यांवर हात धरून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि हाक मारली, “मास्टर! दिखता है!”

जेवणं झाली. पूजेच्या सामानाच्या खोलीत फ्रेम ठेवली होती. तिथे बापलेक दोघंच होते. बाबारावांनी नकाशा टेबलावर पसरला आणि चारी कोपऱ्यांवर पुस्तकं ठेवली.

“काहून केलं?” त्यांनी नकाशाकडे पाहतच विचारलं.

“शाबासकी पाहिजे होती, अण्णा. मोठ्या साहेबांची.”

“मिळाली?”

“नाही. कागदावर नावच नव्हतं ना.”

“उद्या साहेबाकडे जाऊन नाव सांग,” बाबाराव म्हणाले. “मास्टरनं लिहिलं नाही, हे तिथंही कळलं पाहिजे. अन् फादरला पत्र लिही. त्याच्याखाली सही कर.”

“करतो.” रत्नाकरनं खिशातून अर्धं ब्लेड काढलं. ट्रेसिंगच्या कापडावरची शाई पुसत नाही, ब्लेडनं खरवडावी लागते. ड्राफ्ट्समनच्या खिशात ते नेहमी असतं. त्यानं कोपऱ्यातल्या चौकटीवर वाकून पातं टेकवलं.

“काय करून राहिला?”

“माझं नाव काढतो. या भिंतीवर ते नको.”

बाबारावांनी आपला पंजा त्या चौकटीवर ठेवला. पातं त्यांच्या नखाला लागून थांबलं.

“त्याला हात लावू नको,” ते म्हणाले. “हे चौदा वर्षांच्या पोराचं नाव आहे. त्यानं काय केलं?”

मग त्यांनी मार्टिन मास्टरला खिळा ठोकायला हाक मारली.